सूचना विचारात घेतली

४ नोव्हेंबर

ती. आत्याबाई काना-मात्रा यांस,

भोंग्याचा लवून नमस्कार.

अभिनंदन! काल मुख्यालयातून आलेलं परिपत्रक वाचताना मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. 'प्रसारण महामंडळाच्या नियामक मंडळावर श्रोता-सदस्य म्हणून...' आणि पुढे चक्क तुझं नाव! नऊ जणांच्या मंडळात आठ मंत्रालयाने नेमलेले आणि नववी तू, रेडिओची वर्गणी भरणाऱ्या लाखो घरांतून चिठ्ठी टाकून निघालेली. बाबांना फोन केला तर ते हसतच सुटले. म्हणाले, "चाळीस वर्षं ही बाई उच्चार सुधारा म्हणून रेडिओला पोस्टकार्डं टाकतेय. आता तीच तिथे जाऊन बसली. भोगा म्हणावं!"

छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून लोकांच्या चुका काढल्यास, आता महामंडळाच्या काढ.

आमचं केंद्र आहे तसंच आहे. टपाल कचेरीच्या वर दोन खोल्या. एकीत मी आणि मायक्रोफोन, दुसरीत तंत्रज्ञबाई आणि त्यांची यंत्रं, मधल्या बोळात आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे साहेब. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात. सकाळी सात-दहाला माझा 'सूचना' हा कार्यक्रम असतो. नदीवर धुकं किती, पहिली होडी सुटणार की नाही, पाणी कुठे बंद, कोणाची शेळी हरवली, कोणाचा चष्मा होडीत राहिला. दोन्ही काठांवरची माणसं हे ऐकल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत.

एक विनंती आहे. मी तुझा भाचा आहे हे इथे कोणाला ठाऊक नाही, तूही तिकडे बोलू नकोस. आडनावं वेगळी आहेत ते बरंच झालं. नाहीतर लोक मला वशिल्याचं तट्टू म्हणतील.

आशिर्वाद असू दे.

तुझा,
भोंगा


१९ नोव्हेंबर

चि. भोंग्या,

पत्र पोचलं. चूक एकच, पण ऐन मोक्याच्या जागी. 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ. ऱ्हस्व आशीर्वाद मी देत नाही. पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे, फाइलला लाव.

पहिली सभा झाली. टेबल इतकं लांब की पलीकडच्या माणसाला काही सांगायचं तर मधल्या दोघांकडे निरोप द्यावा लागतो. अध्यक्ष भूमितीचे जुने प्राध्यापक. माणूस सज्जन आहे, पण समोरचे कागद सारखे चौकोनात लावत बसतो. प्रत्येक विषयाच्या शेवटी ते हळू आवाजात म्हणतात, "मंत्रालयाची तशी सूचना आहे," की सगळे हात वर. मी दोनदा केला. तिसऱ्यांदा दुखायला लागला.

मग मी विचारलं, "आपल्याला पैसे कुठून येतात?"

"मंत्रालयाकडून," अध्यक्ष म्हणाले.

"आणि मंत्रालयाकडे?"

"वर्गणीतून."

"म्हणजे माझ्याकडून!"

शेजारी एक निवृत्त न्यायाधीश बसतात. ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी."

मी म्हटलं, "अहो, पण पोळी श्रोत्यांची आहे. मंत्रालय नुसतं वाढपी." त्यावर कोणीतरी खोकलं आणि चहा आला.

महामंडळाचा कायदा मागून घरी आणलाय. चौसष्ट पानं, एक्केचाळीस छपाईच्या चुका. हा माझ्या हाताखालून गेला नव्हता हे पहिल्याच पानावर कळतं. रोज चार पानं वाचते आहे.

तुझी विनंती मान्य, पण अर्धीच. आपण होऊन नातं सांगायचं नाही. मात्र न सांगणं खोटं ठरणार असेल तर लपवायचंही नाही.

तुझी,
आत्या


१२ डिसेंबर

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली धुकं फार आहे आणि माझंही मन थाऱ्यावर नाही.

गेल्या आठवड्यात वरून एक सूचना आली. साहेब ती टेबलाच्या खणात ठेवून बसलेत. म्हणतात, लोकांना कळलं तर घबराट होईल. तंत्रज्ञबाई दिवसभर नुसत्या तारा गुंडाळतात आणि सोडतात. मी रोज सकाळी शेळ्या आणि चष्मे वाचतो आणि ती सूचना खणातच राहते.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? सगळं काही लिहिता येत नाही. कारण विचारू नकोस.

भोंगा


१६ डिसेंबर
(पोस्टकार्ड)

भोंग्या,

हा काय प्रश्न झाला? सूचना आली तर वाचून दाखव! खणात ठेवायला तो काय दागिना आहे? लोकांच्या जिवाची गोष्ट लोकांना आधी कळली पाहिजे. साहेबांना म्हणावं, घबराट न कळण्याने होते. सावकाश वाच, शब्द खाऊ नकोस, आणि दोनदा वाच.

चुका नाहीत. शाबास.

आत्या


२१ डिसेंबर

आत्या,

वाचली!

दोनदा. शब्द न खाता.

तुझं कार्ड आलं आणि मला दहा हत्तींचं बळ आलं. स्वतः मंडळाची सदस्य सांगतेय म्हटल्यावर घाबरायचं कशाला? परवा साहेब यायच्या आधी खण उघडला. किल्ली कुलपालाच लटकलेली असते. सात-दहाला आधी धुकं सांगितलं, मग होडी सांगितली, आणि मग म्हणालो, "यानंतरची सूचना मंत्रालयाकडून. येत्या एक मार्चपासून महामंडळाची सात लहान केंद्रे बंद करण्यात यावीत. तेथे मुख्यालयाचेच कार्यक्रम लावण्यात यावेत. कर्मचाऱ्यांची अन्यत्र सोय शक्य झाल्यास पाहावी. सदर सूचना गोपनीय समजावी."

गोपनीय समजावी हेसुद्धा दोनदा वाचलं गं! हातात कागद आला की तोंड थांबत नाही, तुला माहीत आहे. त्यानंतर शेळी वाचली.

सातांतलं चौथं नाव आपलं आहे. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. तुझ्यासमोर हा विषय येणार, उगाच तुझ्यावर ओझं नको म्हणून. पण तू बरोबर ओळखलंस आणि एका कार्डात निकाल लावलास!

काचेपलीकडे तंत्रज्ञबाईंचा अंगठा बटणावर होता. त्यांनी दाबला नाही. साहेब एका पायात चप्पल घालून धावत आले आणि बोळातल्या खुर्चीत मटकन बसले. नऊ वाजेपर्यंत टपाल कचेरीचा जिना माणसांनी भरला. तिकिटं घ्यायला आलेल्यांनाही वर यावं लागलं, कारण खाली उतरायला जागाच नव्हती. होडीवाला सगळ्यांत पुढे. म्हणाला, "मुख्यालयातला माणूस मला धुकं सांगणार? त्याला माझी नदी दिसते का तिथून?" साहेबांनी त्याला पाणी दिलं, मग स्वतःच प्यायले.

आज मुख्यालयाचं पत्र आलं. गोपनीय कागद कोणाच्या सांगण्यावरून वाचला, खुलासा करा, नोकरीवरून का काढू नये ते लिहा. मी लिहिलं, माझ्याच सांगण्यावरून. तुझं नाव जीव गेला तरी घेणार नाही.

तुझा अभिमान वाटतो, आत्या.

भोंगा


२६ डिसेंबर

अरे गाढवा!

अरे, मला काय ठाऊक ती असली सूचना? तू लिहिलंस 'वरून' आली. मला वाटलं नदीच्या वरच्या अंगाने, धरणावरून! पाणी सोडणार असतील, काठावरची माणसं झोपेत असतील आणि तुझे ते साहेब कागद खणात घालून बसलेत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. म्हणून तडकून कार्ड टाकलं. तू रोज सूचनाच वाचतोस, मग सूचना आली म्हटल्यावर मी दुसरं काय समजणार?

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं. मग 'त्यानंतर शेळी वाचली' इथे आले आणि एकटीच इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. मग पुन्हा रडू आलं. तुझी नोकरी माझ्या एका पोस्टकार्डाने घालवली, भोंग्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं की शब्द नीट वापरा, आणि आपण दोघं एका शब्दावर असे आपटलो.

पण आपटल्यामुळे एक सापडलं. कायदा पुन्हा काढला आणि त्या शब्दाखाली बोट ठेवून वाचला. कलम एकोणीस: 'मंत्रालय मंडळास सूचना करील व मंडळ त्या विचारात घेईल.' कलम वीस: 'मंत्रालय मंडळास आदेश देईल व मंडळ तो पाळील, मात्र असा प्रत्येक आदेश कारणासह प्रसारणातून जाहीर करावा लागेल.' कळलं? लिहिणाऱ्याला फरक चांगला ठाऊक होता. आदेश पाळायचा, सूचनेचा विचार करायचा. आदेश द्यायचा तर सगळ्या देशाला ऐकवून द्यावा लागतो, म्हणून मंत्रालय आदेश कधी देतच नाही. नुसती सूचना करतं, आणि आम्ही हात वर करतो. वर ही सूचना मंडळाकडे यायच्या आधी तुमच्या खणात पोचली, म्हणजे आमच्या विचाराची त्यांना केवढी किंमत ते बघ!

१४ जानेवारीला सभा आहे. सात केंद्रं आणि तुझी नोकरी, दोन्ही विषय त्यातच. मी अंदाज घेतला. माझं मत धरून आपण पाच, ते चार. पण नियम असा की ज्याचा नातलग विषयात गुंतलाय त्याने बाहेर बसायचं. मी बाहेर गेले की चार-चार, आणि बरोबरीत अध्यक्षांचं मत दुप्पट. त्यांचं मत कुठे असतं ते तुला कळलंच असेल.

तरी मी सांगणार आहे. तुझं नातंही, ते कार्डही.

आत्या


३ जानेवारी

आत्या,

नको सांगूस.

हात जोडतो. आडनावं वेगळी आहेत, कोणी विचारणार नाही. तू फक्त खुर्चीत बस आणि हात वर कर. नाहीतर तू खरी ठरशील आणि केंद्र बुडेल. वशिला नको म्हणणारा मीच होतो, हे मला आठवतंय. हे लिहिताना माझी मला लाज वाटतेय. तरी लिहितोय.

परवा पलीकडच्या काठावरून एक आजीबाई आल्या. होडीतून एवढ्या धुक्यात कशाला आलात विचारलं, तर म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना, साडेनऊला सुटेल म्हणून." त्यांना केंद्र बघायचं होतं. रजया बघून त्यांची निराशा झाली, म्हणाल्या, "मला वाटलं मोठं असेल." मग जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुझा आवाज घरात नसला तर सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही रे."

माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तुझ्या एका हाताने सात केंद्रं वाचतील. एकदाच तोंड मिटून बस, आत्या.

भोंगा


१५ जानेवारी

चि. भोंग्यास,

तोंड मिटून बसायला मी जन्माला आले नाही. ऐक.

काल सभा सुरू होताच मी उभी राहिले. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "अध्यक्षमहाराज, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ज्या निवेदकाने ती सूचना वाचली, तो माझा भाच आहे. आणि वाच असं त्याला सांगणारी मीच."

मग कार्डाची सगळी हकिकत सांगितली, धरणासकट. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलताना दिसत होते. अध्यक्षांनी कागद दोनदा चौकोनात लावले.

"बाई, मग नियमाप्रमाणे या विषयाला तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"बसते. पण त्याआधी मागच्या सभेच्या इतिवृत्तात माझी एक दुरुस्ती आहे. तो या विषयाच्या आधीचा विषय आहे."

"कोणती?"

"त्यात अकरा ठिकाणी 'मंत्रालयाच्या सूचनेनुसार ठरले' असं छापलंय. कायद्यात आहे 'विचारात घेईल'. 'नुसार' म्हणजे पाळलं. विचारात घेणं म्हणजे विचार केला. आपल्यापैकी कोणी केला होता का? केला नसेल तर अकराही ठिकाणी खोटं छापलंय, आणि खालची सही आपली आहे."

एवढं बोलून कायदा एकोणीस-वीसच्या पानावर उघडा ठेवला आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर शिपाई बसले होते. मला जागा दिली. दार बंद होईना, वीतभर उघडंच राहिलं. मी बघितलं तर म्हणाले, "बिजागरी खराब आहे, बाई."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

आतून आवाज चढत गेले. शिपाई म्हणाले, "सव्वीस वर्षांत इथे फक्त कपबशीचा आवाज ऐकलाय." मग एकदम सगळं थांबलं. अध्यक्षांनी टेबलावरचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. मंत्रालयाचे सचिव बोलत होते.

"सर, ही सात केंद्रांची आपली सूचना आहे की आदेश?"

"म्हणजे काय? नेहमीसारखंच हो."

"नाही, आदेश असेल तर लेखी पाठवा. आम्ही पाळू. कलम वीसप्रमाणे उद्या सकाळच्या बातम्यांत जाहीरही करू, आपल्या कारणासह."

पलीकडे शांतता. एवढी शांतता रेडिओवर झाली असती तर मी पोस्टकार्ड टाकलं असतं.

"आदेश कसला," शेवटी सचिव म्हणाले. "सूचनाच आहे ती."

"मग घेतली विचारात," अध्यक्ष म्हणाले आणि फोन ठेवला.

मी बाकावरून उडालेच. शिपायांनी माझा हात धरून खाली बसवलं.

मत झालं ते सहाला दोन. केंद्रं चालू राहणार, सातही. माझ्या हाताची गरजच पडली नाही, भोंग्या! न्यायाधीशांनी तर पुढे जाऊन मांडलं की वर्गणी वाढप्याला वगळून थेट महामंडळाकडे यावी. 'वाढपी' हाच शब्द वापरला, माझं नाव न घेता. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, वर्षं लागतील. माझी मुदत चार वर्षांची आहे, मला घाई नाही.

नंतर जिन्यात अध्यक्ष भेटले. म्हणाले, "बाई, नऊ वर्षं मी या खुर्चीत आहे. मला वाटायचं, आपल्याला नुसता हात वर करायचा असतो. विचार करा असं कायद्यातच लिहिलंय, हे वाचायचंच राहून गेलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की चष्म्याला वाफ धरली होती, नक्की सांगता येत नाही.

आता तुझं. नोकरी राहिली. नुसती सक्त सूचना मिळेल. साहेबांनी मुख्यालयाला लिहिलं होतं म्हणे, की खणाला किल्ली लावून ठेवण्याची चूक त्यांची. त्यांना माझा नमस्कार सांग.

कार्ड माझं, गैरसमज माझा, आणि त्याची शिक्षा तू एकट्याने अंगावर घेतलीस. मला तुझा फार अभिमान वाटला रे. आता तुझी चूक काढायला हात धजणार नाही, एखादा आठवडा तरी.

तुझी,
आत्या


२२ जानेवारी

ती. आत्यास,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग तंत्रज्ञबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'आत्तापासून' इथे साहेब बोळातून ओरडले, "पुन्हा वाच!" तंत्रज्ञबाईंनी गुंडाळलेल्या सगळ्या तारा जागेवर लावल्या. होडीवाल्याने आज कोणाकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि ते चूक आहे असं त्याच्या बायकोने आम्हाला येऊन सांगितलं.

मी तुला तोंड मिटून बस म्हणालो होतो. ते पत्र फाडून टाक. नको, ठेव, पण लाल शाईने काट.

मुख्यालयाची सक्त सूचना काल पोचली. 'यापुढे गोपनीय कागद प्रसारित करू नयेत.' मी उत्तर पाठवलं: सूचना विचारात घेतली.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र सोबत परत पाठवतोय. चाळीस वर्षांत तुझी पहिली चूक मला सापडली. दुसऱ्या परिच्छेदात बघ. 'तो माझा भाच आहे.' काना राहिला! सभेत सांगताना पाय थरथरत होते म्हणतेस, लिहिताना हातही थरथरला वाटतं. तंत्रज्ञबाईंकडून लाल पेन मागून काना मी घातलाय.

आणि तू इकडे यायचं आहेस. ही सूचना नव्हे, आदेश आहे. आदेश कारणासह प्रसारणातून जाहीर करावा लागतो, कलम वीस. म्हणून आज सकाळी सात-दहाला, धुक्यानंतर आणि शेळीच्या आधी, जाहीर केला. आमच्या लहरी तुझ्या गावापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मजकूर कळवतो:

"या केंद्राच्या निवेदकाच्या सख्ख्या आत्याबाईंनी पुढच्या रविवारी साडेनऊच्या होडीने इकडे यावे. कारण, त्यांच्या भाच्याला त्यांना भेटायचे आहे."

दोनदा वाचला. होडीवाल्याने पुढची जागा राखून ठेवलीय.

तुझा भाचा